कुटुंबासह वनविहार : चंक्रमण की अध्व?

स्थौल्य असो, प्रमेह असो वा निद्रानाश, आपल्या व्यवस्थापत्राच्या अखेरीस एक ओळ हमखास असते : ‘रोज चालावे.’ किती चालावे, कोणत्या ऋतूत चालावे, चढावे की सपाटीवरून जावे, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. औषधाची मात्रा गुंजेपर्यंत काटेकोर मोजणारे आपण विहाराची मात्रा रुग्णावरच सोपवतो. प्रस्तुत लेखकही यास अपवाद नव्हता. ही चूक स्वतःच्या कुटुंबाच्या अनुभवातून उमगली, म्हणून हा लेखनप्रपंच.

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरील हा जांभ्या खडकाचा सडा. पुढे सातारा शहरास पाणी पुरविणारा कास तलाव, त्याही पुढे बामणोली आणि कोयनेचा शिवसागर जलाशय. जलाशयापलीकडे कोयना अभयारण्याचे घनदाट वन आणि त्यात उभा वासोटा ऊर्फ व्याघ्रगड. सडा, सरोवर आणि अरण्य ही तिन्ही एकाच वाटेवर भेटावीत, असा हा प्रदेश. सन २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून घोषित केली. त्यांत महाराष्ट्रातील चार असून कास आणि कोयना ही त्यांपैकी दोन होत.

एक चुकलेली मात्रा

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात सहकुटुंब वासोट्यास गेलो. सोबत पत्नी, सात वर्षांची कन्या आणि सदुसष्ट वर्षांचे वडील. वडील आयुष्यभर शिक्षक, प्रकृती ठणठणीत, रोज सकाळी फिरण्याचा नेम. तेव्हा चिंतेचे कारण दिसले नाही. बामणोलीहून होडीने तासा-दीड तासाचा प्रवास करून पायथ्याशी उतरलो. अभयारण्यात मुक्कामास परवानगी नसल्याने सायंकाळपूर्वी परतणे आवश्यक होते. त्यामुळे माझे लक्ष घड्याळाकडे अधिक, माणसांकडे कमी.

चढ सुरू झाल्यावर कन्येची बडबड थांबली. ‘रमली आहे,’ असे मी समजलो. वडील मागे पडू लागले. ‘आता थोडेच उरले,’ असे मी दोनतीनदा म्हणालो. ते खरे नव्हते. अखेर सोबतचा स्थानिक वाटाड्या थबकला आणि म्हणाला, “डाक्टरसाहेब, बाबांचं तोंड उघडं पडलंय. आता म्होरं नगा नेऊ.”

मी वळून पाहिले. वडिलांचा श्वास मुखाने चालला होता, ओठ कोरडे पडले होते, ललाटी आणि नासिकेवर स्वेदबिंदू होते. बलार्धाची ही लक्षणे विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच पाठ केलेली असतात. शक्तीचा अर्धा भाग खर्च झाला, येथे थांबावे, असा त्यांचा अर्थ. व्यायामाचे हे परिमाण मी परीक्षेत अचूक लिहिले होते. ओळखले मात्र त्या वाटाड्याने. तेथूनच परतलो. रात्री वडिलांच्या पोटऱ्यांत पेटके आले, कन्येस किंचित ज्वर आला. तैलाभ्यंग आणि विश्रांतीने दोन दिवसांत दोघेही सावरले. वडील एवढेच म्हणाले, “रुग्णांना अर्धी शक्ती सांगतोस आणि आम्हांला पुरती खर्च करायला लावतोस.” या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तीन संज्ञा, तीन परिणाम

घरी आल्यावर ग्रंथ पुन्हा उघडले. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीस शीतकाली आणि वसंतात अर्धशक्ती व्यायाम सांगितला आहे; अन्य ऋतूंत त्याहूनही कमी. त्याच ठिकाणी वातपित्तरोगी, अजीर्णी, बाल आणि वृद्ध यांना व्यायाम वर्ज्य म्हटला आहे. मग आजोबा आणि नात यांनी डोंगरी जाऊच नये काय?

उत्तर सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात मिळते. तेथे व्यायामाव्यतिरिक्त चालण्याचे दोन प्रकार स्वतंत्रपणे वर्णिले आहेत. देहास फार पीडा न देणारे ‘चंक्रमण’ हे आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांना हितकर आणि इंद्रियांना जागविणारे. ‘अध्व’ म्हणजे मार्गक्रमणाचा अतियोग. तो स्थौल्य व कफ घटवितो, पण वर्ण आणि सौकुमार्यही हरण करतो. स्थूल तरुणास अध्वाचा उपयोग होईल. बालवृद्धांचा अधिकार चंक्रमणाचा. वाट तीच असते. तरुणाचे चंक्रमण हेच सात वर्षांच्या मुलीचे व्यायाम आणि वृद्धाचे अध्व ठरते. म्हणून कुटुंबाच्या वनविहाराची मात्रा सर्वांत अल्पबल व्यक्तीच्या बलावरून ठरवावी, हा या लेखाचा मुख्य मुद्दा.

शरदात सडा, हेमंतात अरण्य

आता आम्ही या प्रदेशात दोन वेगळ्या ऋतूंत, दोन वेगळ्या हेतूंनी जातो.

कासचा फुलोरा साधारणतः भाद्रपद-आश्विनात, म्हणजे सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत असतो. या हंगामात पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असल्याने आगाऊ नोंदणी करावी. सड्यावर वृक्षच्छाया जवळजवळ नाही आणि शरद हा पित्तप्रकोपाचा काळ. सबब सकाळी लवकर चालून ऊन चढण्यापूर्वी परतावे. जुन्या राजमार्गाने कुमुदिनी तळ्यापर्यंतची चाल बहुतांशी सपाट असून बालवृद्धांस सोसते. तळ्यातील शुभ्र, झालरदार फुले मुलांना मोहवितात. निघंटूंतील कुमुद ते हे नव्हे, एवढे वैद्याने ध्यानी ठेवावे.

खडकावर मातीचा थर जेमतेम आणि त्यातील पोषकांश पावसाने धुऊन गेलेले. म्हणून दवबिंदूसारखी वनस्पती चिकट पानांवर कीटक पकडते, तर सीतेची आसवे ही निळीजांभळी फुले धरणारी वनस्पती सूक्ष्म पिशव्यांत जलजीव अडकवून आपली गरज भागविते. माझी कन्या या दवबिंदूपाशी अर्धा तास बसली होती. इंद्रियबोधन म्हणतात ते याहून वेगळे काय असणार? चालणे थोडे, पाहणे पुष्कळ, हे चंक्रमणाचे खरे स्वरूप.

वासोटा पावसाळ्यात बंद असतो. हेमंत-शिशिरात अग्नी प्रदीप्त आणि बल उत्तम, म्हणून अरण्यातील चढासाठी हाच काळ योग्य. वनखात्याच्या चौकीवर नोंद व परवानगी आवश्यक आहे. प्लॅस्टिकची तपासणीही होते. माथ्यापर्यंतचा चढ निरोगी प्रौढास दोन-अडीच तासांचा. वृद्ध व लहान मुलांसाठी पायथ्याजवळचा ओढा हीच सीमा मानावी. दुसऱ्या वर्षी आम्ही तसेच केले. मी आणि पत्नी आळीपाळीने वर जाण्याचा विचारही सोडला. ओढ्याकाठी चौघे तीन तास बसलो, पक्षी ऐकले, भाकरी-तूप-गूळ खाल्ला आणि परतलो. गड राहिला, याची खंत त्या दिवशी कोणासही वाटली नाही.

वाटेवरील वेग

चरकाचार्यांनी नवेगान्धारणीयाध्यायात ज्यांचे धारण करू नये असे वेग सांगितले, त्यांतील चार वनवाटेवर सर्रास अडविले जातात : मूत्र, क्षुधा, तृष्णा आणि श्रमश्वास. होडीचा प्रवास मोठा असल्याने स्त्रिया पाणीच पीत नाहीत. मुले संकोचाने बोलत नाहीत. प्रौढ माणसे धाप लागली तरी थांबणे कमीपणाचे मानतात. श्रमश्वास अडविल्याने गुल्म, हृद्रोग व संमोह संभवतात, असे आचार्य सांगतात. म्हणून धाप शांत होईपर्यंत थांबणे हा नियमच असावा आणि गटातील सर्वांत मंद व्यक्तीने पुढे चालावे. बडबडे मूल गप्प झाले, तर ते श्रमाचे लक्षण समजून बसावे.

आहार अल्प पण वारंवार द्यावा : खजूर, मनुका, राजगिऱ्याचे लाडू, लाह्या. पाण्यात लिंबू, साखर व मीठ घालून घोटघोट पाजावे. परतल्यावर तिळतेलाने पादाभ्यंग आणि कोष्ण जलाने स्नान करावे.

काही बाबतीत मात्र निःसंदिग्ध असावे. चढताना छातीत वेदना, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ किंवा अवेळी घाम आल्यास अम्लपित्त समजून वेळ दवडू नये. बामणोलीच्या पलीकडे जलाशय आडवा आहे आणि सुसज्ज रुग्णालय साताऱ्यास. हा काळ हिशेबात धरून हृद्रोगी वा अनियंत्रित रक्तदाबाच्या व्यक्तीस सपाटीपुरतेच नेणे श्रेयस्कर. मधुमेहींनी साखर जवळ ठेवावी व पायांत बंद पादत्राणे घालावीत. दम्याच्या रुग्णाने नेहमीची फवारणी विसरू नये. सर्पदंश झाल्यास छेद, आचूषण, लेप यांत न गुंतता अवयव स्थिर ठेवून प्रतिविषासाठी तत्काळ रुग्णालय गाठावे.

औषधी पाहाव्यात, आणू नयेत

या अरण्यात हिरडा, जांभूळ, अंजनी, पिसा आणि गेळा, म्हणजे आपले मदनफळ, यांचा सहवास घडतो. वमनासाठी मदनफळाचे चूर्ण वापरणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी गेळ्याचे काटेरी झाड पाहिले आहे? औषधालयाचे मालक तर वर्षानुवर्षे गोणीतील द्रव्यच पाहतात. ओले पान, साल, फळ एकदा नजरेत बसले की भेसळ ओळखण्याची दृष्टीही येते. परंतु अभयारण्यातून काडीही उचलणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये निषिद्ध आहे. नरक्या या वृक्षापासून कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे द्रव्य मिळते हे कळताच सह्याद्रीत त्याची जी बेसुमार तोड झाली, ती आठवावी. वैद्याचे मूल रिकाम्या हाताने परतले, तरच पुढच्या पिढीच्या वैद्यास तेथे काही दिसेल.

औषधालयाच्या गल्ल्यावर दहा तास बसणारे आपले व्यावसायिक बंधू-भगिनी आणि रुग्णांच्या गर्दीत स्वतःचा विहार विसरलेले आपण, दोघांनाही हे चंक्रमण आवश्यक आहे. येत्या हेमंतात सहकुटुंब जरूर निघावे. आणि ज्या दिवशी व्यवस्थापत्रावर ‘रोज चालावे’ असे लिहाल, त्या दिवशी पुढे एक ओळ वाढवावी : ‘श्वास मुखाने होऊ लागताच थांबावे.’ माझ्या व्यवस्थापत्रावर ती ओळ त्या वाटाड्यामुळे आली.