दहावा माणूस : छोटा समाज, सिनेगॉग आणि उंबरठ्याचं गणित

आज जरा वेगळा विषय. माझं संशोधन लहान लोकसंख्यांवर चालतं. एखाद्या जातीचे प्राणी कमी उरले की त्यांचं पुढे काय होतं, हा माझा रोजचा प्रश्न. पण यातली मूळ कल्पना समजावून सांगायला मला प्राण्यांपेक्षा एक माणसांचं उदाहरण जास्त चांगलं वाटतं, आणि ते आपल्या कोकणातलं, मराठी बोलणाऱ्या लोकांचं आहे. ते म्हणजे ज्यू प्रार्थनागृह, अर्थात सिनेगॉग, आणि तिथला दहा माणसांचा नियम.

आधी नियम काय आहे ते बघू. ज्यू माणूस एकटा कुठेही प्रार्थना करू शकतो. पण काही गोष्टी एकट्याने होतच नाहीत. तोराची गुंडाळी काढून सर्वांसमोर वाचायची, किंवा गेलेल्या माणसासाठी ‘कद्दिश’ म्हणायचं, तर किमान दहा जण हजर लागतात. या दहांच्या गटाला ‘मिनयान’ म्हणतात. पारंपरिक पंथांत तेरा वर्षं पूर्ण झालेले पुरुषच मोजतात. नऊ जण कितीही विद्वान असोत, चालत नाही. दहावा माणूस अगदी साधा असला, त्याला हिब्रू जेमतेम येत असली, तरी तो आला की काम सुरू.

यात पणाला काय लागतं, ते कद्दिशवरून कळतं. आई किंवा वडील गेल्यावर मुलगा साधारण अकरा महिने कद्दिश म्हणतो. म्हणजे ज्याच्या घरात दुःख आहे, त्याला दुसऱ्या नऊ जणांची गरज आहे, तीही एकदा नाही, पुन्हापुन्हा. ते नऊ जण पगारी नसतात. ते उठून येतात, एवढंच. सिनेगॉगमधलं सगळ्यात मूलभूत स्वयंसेवी काम हेच : हजर राहणं.

हे जुन्या लोकांनाही नीट माहीत होतं. साधारण अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात ‘मोठं गाव कोणतं?’ असा प्रश्न येतो. उत्तर असं, की जिथे दहा ‘बतलानीम’ आहेत ते मोठं गाव. बतलान म्हणजे कामातून मोकळा माणूस. आपल्याकडे अशाला आपण सरळ रिकामटेकडा म्हणू! पण इथे तो गावाची शान आहे, कारण तो बोलावलं की येऊ शकतो. बाजार, तटबंदी, घरं यांवरून नाही, तर समाजाच्या कामाला मोकळ्या असलेल्या दहा माणसांवरून गावाचं मोठेपण ठरवलंय. मला ही व्याख्या फार आवडते.

आता आपल्या भागात येऊ. रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायल हे मराठी मातृभाषा असलेले ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेल गाळायचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावं गावांवरून : पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. बेने इस्रायल मंडळी सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव तिथूनच आलं असं सांगतात. पुढे अलिबाग, पनवेल, रेवदंडा अशी कोकणात सिनेगॉग उभी राहिली. पुण्यातलं १८६७ सालचं ओहेल डेव्हिड, म्हणजे आपलं लाल देऊळ, मात्र बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांनी बांधलेलं.

या सिनेगॉगची जुनी व्यवस्था ऐकली तर गावगाडाच आठवतो. प्रमुख तो मुकादम, त्याचा मदतनीस चौगुला, पैशांचा हिशेब ठेवणारा गब्बाय, प्रार्थना चालवणारा हज्जान, आणि दिवाबत्ती-साफसफाईपासून लोकांना निरोप देण्यापर्यंत सगळं बघणारा शम्माश. अर्ध्या पदांची नावं मराठी मुलखातली, अर्धी हिब्रू.

१९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि त्यानंतरच्या दशकांत बेने इस्रायल मोठ्या संख्येने तिकडे गेले. १९५०च्या आसपास ते भारतात वीस हजारांच्या घरात होते. आता सगळे ज्यू मिळून काही हजार उरलेत. म्हणजे बांधलेली सिनेगॉग तेवढीच, पण मोजायला माणसं कमी. इथून माझं गणित सुरू होतं.

समजा एका गावात मोजण्याजोगे २० पुरुष आहेत आणि कोणत्याही शनिवारी प्रत्येक जण येण्याची शक्यता ७० टक्के आहे. (हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या खऱ्या सिनेगॉगचे नाहीत.) सरासरी १४ जण येतील. किमान दहा जण जमण्याची शक्यता किती? ९८ टक्के. वर्षातल्या ५२ शनिवारांपैकी जेमतेम एखादाच फुकट जाईल.

आता पाच जण गेले. उरले १५. सरासरी हजेरी साडेदहा, म्हणजे अजून दहाच्या वरच. वरवर पाहता ठीक चाललंय. पण मिनयान जमण्याची शक्यता ७२ टक्क्यांवर आली. वर्षातले चौदा-पंधरा शनिवार रिकामे.

आणखी तीन गेले. उरले १२. शक्यता २५ टक्के! वर्षातले ३९ शनिवार रिकामे. आणि दहाच उरले तर ३ टक्क्यांच्या आत, कारण दहाच्या दहा जण एकाच दिवशी यायला हवेत.

बघा, माणसं २० वरून १२ झाली, म्हणजे चाळीस टक्के घट. पण जमणारे शनिवार ५१ वरून १३ वर आले, म्हणजे तीन-चतुर्थांश गेले. जिथे ‘किमान इतके हवेत’ असा उंबरठा असतो, तिथे घसरण हळूहळू होत नाही. बराच काळ काही जाणवत नाही, आणि मग एकदम कडा लागतो.

जीवशास्त्रात याच्याशी मिळतीजुळती गोष्ट आहे, तिला ‘अ‍ॅली परिणाम’ म्हणतात. वॉर्डर अ‍ॅली हा शिकागोचा प्राणिशास्त्रज्ञ. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने गोल्डफिश मासे चांदीचे कण असलेल्या विषारी पाण्यात सोडले. एकटा मासा लवकर मेला, गटातले जास्त वेळ जगले, कारण अनेक माशांच्या अंगावरच्या स्रावामुळे विष लवकर खाली बसत होतं. आपण शाळेत शिकतो की गर्दी झाली की अन्न कमी पडतं, स्पर्धा वाढते. अ‍ॅलीने उलट बाजू दाखवली : फार कमी असणंही घातक असतं. आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांचं तेच. कळप शिकारीला जातो तेव्हा पिल्लांजवळ एकाने थांबावं लागतं. मोठ्या कळपाला एक जण मागे ठेवणं परवडतं. छोट्या कळपाची पंचाईत होते : थांबला तर शिकार कमी, गेला तर पिल्लं उघड्यावर.

सिनेगॉगमध्येही नेमकी हीच पंचाईत. कारण दहा जण जमले म्हणून भागत नाही. तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, विरामचिन्हं नसतात, कुठल्या शब्दावर कोणता सूर लावायचा तेही लिहिलेलं नसतं. वाचणाऱ्याने ते आधी पाठ करून यायचं. वर्षभरात सगळी तोरा संपवायची तर ५४ भाग आहेत, दर आठवड्याला नवा. म्हणजे दहांत निदान एक तरी चांगला शिकलेला हवा, आणि तो म्हातारा व्हायच्या आत त्याने दुसरा तयार करायला हवा. शिक्षणालाही उंबरठा आहे : वर्गात मुलंच दोन असतील तर शिकवणारा किती दिवस टिकणार?

बेने इस्रायलनी ही अडचण पूर्वी एकदा सोडवलेली आहे. त्यांच्याकडे शब्बाथ, काही उपास आणि ‘शेमा’ ही मुख्य प्रार्थना टिकली होती, पण हिब्रू ग्रंथांचं ज्ञान फारसं उरलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून ज्यू शिक्षक आले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या शाळांतून मुलं हिब्रू शिकली. त्याचा हेतू धर्मांतराचा होता, पण मुलांनी भाषा घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. मग त्यांनी स्वतः हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ‘हगादा’ १८७४ मध्ये पुण्यात मराठी अर्थासह छापला गेला. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली, तीच आजची माझगावची सर एली कदूरी शाळा.

आता तुम्ही विचाराल, गणित जर इतकं निष्ठुर आहे, तर छोटी सिनेगॉग इतकी वर्षं चालली कशी? कारण मी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती खरी नाही. समाज लहान झाला तरी हजेरीची शक्यता ७० टक्केच राहील, हे ते गृहीतक.

समाजशास्त्रज्ञ आंद्रेआस डीकमान यांनी १९८५ मध्ये ‘स्वयंसेवकाची कोंडी’ नावाचं एक गणिती प्रारूप मांडलं. गट जितका मोठा, तितकं प्रत्येकाला वाटतं की कोणीतरी करेलच, मी कशाला? सोसायटीच्या मीटिंगचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मूळ प्रारूपात एकाच माणसाने पुढे येणं पुरतं, इथे दहा लागतात, पण मनातला हिशेब तोच. गट लहान झाला की उलटं होतं. ‘मी गेलो नाही तर आज बंद’ हे प्रत्येकाला माहीत असतं. मग पाहुणे आले तरी माणूस तासभर निघून येतो. बारा जणांची हजेरी ७० वरून ९० टक्क्यांवर गेली, तर मिनयान जमण्याची शक्यता २५ वरून थेट ८९ टक्के होते. म्हणजे गेलेल्या माणसांची जागा उरलेल्यांच्या निष्ठेने भरून निघते.

पण त्याची किंमत असते. बारांपैकी प्रत्येकाला सुट्टी जवळजवळ नाहीच. त्यातलाच एक गब्बाय, तोच छताची गळती बघणार, तोच कब्रस्तानाची व्यवस्था ठेवणार. कोणी गेलं की मृतदेहाला विधिपूर्वक स्नान घालून कफन नेसवायचं काम समाजातलेच लोक करतात. या मंडळाला ‘हेवरा कदिशा’ म्हणतात, आणि हे काम सर्वांत खरी दया मानली जाते, कारण ज्याच्यासाठी करतो तो परतफेड करूच शकत नाही. ही सगळी कामं बारा जणांत वाटली की थकवा येणारच. बाहेरून हजेरी उत्तम दिसते, आतून राखीव साठा संपलेला असतो. एक जण आजारी पडला की कडा जवळ.

वाटा काय आहेत? माझ्या क्षेत्रातले शब्द वापरून तीन सांगतो.

एक, बाहेरून येणारे. लहान लोकसंख्येत अधूनमधून बाहेरचे आले की ती तरते, याला ‘बचाव परिणाम’ म्हणतात. कोचीच्या १५६८ सालच्या परदेशी सिनेगॉगमध्ये स्थानिक ज्यू मोजकेच उरले, तेव्हा फिरायला आलेले ज्यू पर्यटकच मिनयान पुरं करू लागले.

दोन, एकत्र येणं. चार गावांनी रोज वेगळं जमण्यापेक्षा सणाला एका ठिकाणी जमायचं. कार्यक्रम कमी, पण खात्रीचे.

तीन, मोजायचं कोणाला हे बदलणं. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने १९७३ मध्ये मिनयानमध्ये स्त्रियांना मोजायची मुभा दिली. पुरोगामी पंथ तर आधीच समानतेकडे गेले होते. मुंबईतही डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ साली पुरोगामी विचारांची ज्युइश रिलिजस युनियन स्थापन केली. आपल्या गणितात १२ पुरुषांत १२ स्त्रिया मिळवल्या, तर ७० टक्के हजेरीतही शक्यता ९९ टक्क्यांच्या वर जाते. अर्थात नियम बदलायचा की नाही हे गणित ठरवू शकत नाही. ज्यांच्यासाठी तो नियमच धर्म आहे, त्यांना हा आकडा दाखवून काही सिद्ध होत नाही. गणित फक्त त्या निर्णयाचं वजन किती, ते दाखवतं.

एक इशारा. माझ्या हिशेबात प्रत्येक जण स्वतंत्रपणे येतो. खऱ्या आयुष्यात तीन भाऊ एकाच घरात राहतात, येतात तर तिघे, नाहीतर एकही नाही. कोकणातल्या पावसात तर सगळेच अडकतात. शिवाय माणसं म्हणजे मासे नव्हेत. अलिबागमधून गेलेलं कुटुंब नाहीसं होत नाही. ते दिमोना, अश्दोद, लोद इथे जातं, तिथे सिनेगॉग उभारतं, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही काढतं. जीवशास्त्रात आम्ही याला स्थलांतर म्हणू, नामशेष होणं नाही. पण मागे राहिलेल्या बाराव्या माणसाला हा फरक सांगून त्याचा शनिवार भरत नाही.

हे सगळं फक्त ज्यूंपुरतं नाही. गावचं वाचनालय, भजनी मंडळ, नाटकाची हौशी संस्था, सगळीकडे असा एखादा उंबरठा असतो, फक्त तो कुठे लिहिलेला नसतो. म्हणून तुमच्या संस्थेत सभासद किती, हा प्रश्न पुरेसा नाही. काम बंद पडायला किती जण कमी व्हावे लागतील, हा प्रश्न विचारा. उत्तर दोन किंवा तीन आलं, तर पुढच्या बैठकीची वाट न बघता फोन लावायला घ्या.

शंका असतील तर नक्की विचारा. आकडे स्वतः करून बघायचे असतील तर कुठल्याही स्प्रेडशीटमधलं द्विपद वितरणाचं सूत्र पुरेसं आहे. २० च्या जागी तुमच्या मंडळाचा आकडा टाका.