बांधीतला युरिया हवेत का उडतो? सामूचा तोल समजून घ्या



रोवणीला महिना होत आला, फुटव्याचा युरिया टाकायची वेळ झाली. दरवर्षी या दिवसांत केंद्रावर एकच तक्रार येते: "सर, युरिया टाकून आठ दिवस झाले, धान अजून पिवळंच आहे. पोतं नकली तर नाही ना?" बहुतेक वेळा पोतं खरं असतं. त्यातला नत्र पिकाला मिळण्याआधीच हवेत गेलेला असतो. मेसेज थोडा लांब आहे, पण युरिया टाकायच्या आधी वाचा.

*युरियाचं पाण्यात काय होतं?*
दाणे विरघळतात. माती-पाण्यातलं युरिएज नावाचं विकर काही दिवसांत युरियाचं अमोनियम करतं. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतं आणि धानाची मुळं तेच घेतात. पण त्याचं दुसरं रूप आहे अमोनिया, आणि तो वायू आहे. सकाळी गोठ्यात मुताचा झोंबणारा वास येतो ना, तोच.

ही दोन्ही रूपं सतत एकमेकांत बदलत असतात. यालाच रासायनिक समतोल म्हणतात. तोल कुठे झुकेल ते मुख्यतः पाण्याचा सामू ठरवतो. आम्ल वाढलं, म्हणजे सामू उतरला, की तोल अमोनियमकडे जातो. चुना किंवा राख पडली, सामू चढला, की अमोनियाकडे जातो. पाणी ३० अंश गरम असेल तर साधारण असं:
▪️ सामू ७: १०० भागांत अमोनिया १ भागापेक्षा कमी
▪️ सामू ८: सुमारे ७ भाग
▪️ सामू ९: सुमारे ४५ भाग
सामू दोनच अंकांनी चढला, पण फरक बघा!

*घरी करून बघा*
बाटलीच्या झाकणात चिमूटभर अमोनियम सल्फेट घ्या (ताजा युरिया नको, त्याचं अजून अमोनियम झालेलं नसतं). त्यात थोडा खायचा चुना आणि दोन थेंब पाणी टाका. लगेच झोंबणारा वास येईल. आता भरपूर लिंबू पिळा, वास बसेल. चुन्याने तोल एकीकडे गेला, लिंबाच्या आम्लाने परत आणला. हे उघड्यावर करा, नाक-डोळे आणि लेकरं दूर ठेवा.

*बांधीत चुना कोण टाकतं?*
कुणी न टाकताही सामू चढतो. कारण शेवाळ. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं सौम्य आम्ल तयार होतं, सोड्याच्या बाटलीत असतं तसं. ऊन पडलं की शेवाळ तो वायू खाऊन टाकतं. आम्ल कमी झालं की सामू चढतो. रात्री शेवाळ श्वासावाटे तो वायू परत सोडतं आणि सामू उतरतो. मी एका शेवाळलेल्या बांधीत सामूची पट्टी बुडवून बघितली. सकाळी रंग ७ च्या जवळ, दुपारी २ वाजता ९ च्या जवळ. बांधी तीच, पाणी तेच. त्यात युरिया विरघळून बदलतानाही स्वतः सामू थोडा वाढवतो.

वर वारा. तयार झालेला अमोनिया वारा घेऊन जातो, मग तोल सावरायला अजून अमोनियमचा अमोनिया होतो, तोही जातो. तोल बिघडवला की तो बिघाड कमी करायच्या दिशेने सरकतो, हा नियम ल शातेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये मांडला. खत कारखान्यात तयार झालेला अमोनिया सतत बाजूला काढतात, म्हणून अजून तयार होत राहतो. कारखान्यात ज्या नियमाने कमाई, बांधीत त्याच नियमाने नुकसान.

*मग पाण्यात आम्ल टाकायचं का?*
नाही. एका एकरात ५ सेंमी पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. पाण्यातला बायकार्बोनेट आम्ल गिळून टाकतो, आणि दुसऱ्या दुपारी शेवाळ सामू पुन्हा चढवतं. त्यासाठी कोणी बाटली विकत असेल तर घेऊ नका.

*हे करा*
✅ बांधीतलं पाणी काढून, चिखलावर युरिया टाका. निंदण करताना किंवा कोनोवीडरने मातीत मिसळा. एक-दोन दिवसांनी पाणी भरा.
✅ पाणी काढणं शक्यच नसेल तर निदान दुपार टाळा. संध्याकाळी टाका आणि चिखलात मिसळा.
✅ शेवाळाचा थर असेल तर आधी तो काढा.
✅ एकदम सगळा न टाकता हप्त्याने टाका. मात्रा माती परीक्षणाप्रमाणे.
✅ चारसूत्री पद्धतीने रोवणी करणाऱ्यांनी चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅमची ब्रिकेट ७ ते १० सेंमी खोल खोचावी. खोल चिखलात ना ऊन, ना वारा.

*हे टाळा*
❌ युरियात चुलीची राख किंवा चुना मिसळू नका. डिप्लोमा करून आलो त्या पहिल्या खरिपात मी घरच्या बांधीत युरिया नीट फेकला जावा म्हणून राख मिसळली, तीही भर दुपारी. बाबांनी विचारलं, "हेच शिकून आला का रे?" उत्तर नव्हतं.
❌ "कडुलिंबाचा युरिया आहे, उडणार नाही" असं समजू नका. निंबोळी लेपाने अमोनियमचं नायट्रेट होणं मंदावतं. अमोनिया उडणं त्याने थांबत नाही.

*हिशोब*
४५ किलोच्या पोत्यात नत्र २०.७ किलो. तिसरा हिस्सा उडाला तर ७ किलो गेला. पोतं २६६ रुपये ५० पैशांचं, म्हणून नुकसान लहान वाटतं. पण फुटव्याची वेळ परत येत नाही, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी.

शेवटचं: प्रत्येक पिवळेपणा नत्राचा नसतो. खालची जुनी पानं टोकाकडून पिवळी पडत असतील तर नत्र. पानांवर तांबूस-तपकिरी, गंजासारखे ठिपके असतील तर जस्ताची कमतरता असू शकते, तिथे युरिया वाढवून उपयोग नाही. फोटो याच नंबरवर पाठवा, बघून सांगतो.

आपला,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी, जि. गोंदिया 🌾