टाकीतील पेट्रोल आणि मोटारसायकलची ओढ

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्ली हे गुडीहत्नूर-उटनूर मार्गावरील मंडलाचे गाव होय. भोवतालचा मुलूख डोंगराळ असून आदिवासी वस्त्या विखुरलेल्या आहेत. अशा भागात लहान मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. शाळेवर जाणारे शिक्षक, बियाणे आणणारा शेतकरी, रुग्णाला दवाखान्यात पोचविणारे नातेवाईक आणि पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबा जत्रेस जाणारे भाविक या सर्वांचा भार तीच वाहते. त्यामुळे टाकीत पेट्रोल किती असावे, हा प्रश्न सर्वांच्याच जिव्हाळ्याचा आहे.

यासंबंधी दोन परस्परविरोधी समजुती आढळतात. टाकी भरलेली असली की पेट्रोलचा दाब वाढून गाडी जोरात ओढते, ही एक. तर टाकी रिकामी असली की गाडी हलकी होऊन वेगाने पळते, ही दुसरी. या दोन्हींची शास्त्रीय कसोटी घेणे उद्बोधक ठरेल.

दाबाचा प्रश्न

जुन्या पद्धतीच्या मोटारसायकलमध्ये पेट्रोल टाकीतून केवळ उतारामुळे कार्ब्युरेटरमध्ये येते. तेथे एका लहान कप्प्यात तरंगता फ्लोट असतो. कप्पा ठरावीक पातळीपर्यंत भरला की फ्लोट वर उचलला जातो आणि त्याची सुई पेट्रोलचा मार्ग बंद करते. घरावरील टाकीत पाणी भरताच नळ बंद करणारा चेंडू ज्या तत्त्वावर चालतो, तेच तत्त्व येथे आहे. इंजिन पेट्रोल ओढते ते या कप्प्यातून. टाकी काठोकाठ असो वा पाव असो, कप्प्यातील पातळी जवळजवळ तीच राहते.

शिवाय इंजिनाची गरजही फार थोडी असते. एका लिटरमध्ये 60 किलोमीटर धावणारी गाडी ताशी 40 किलोमीटर वेगाने चालत असता मिनिटाला सुमारे 11 मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे पेट्रोल घेते. स्वच्छ नळीतून याहून कितीतरी अधिक पेट्रोल सहज वाहू शकते. म्हणून भरलेल्या टाकीमुळे जोर वाढतो, ही समजूत निराधार आहे.

वजनाचा प्रश्न

पेट्रोल पाण्याहून हलके असते. एका लिटरचे वजन सुमारे 740 ग्रॅम भरते. दहा लिटरची टाकी पूर्ण भरली तरी भार साडेसात किलोपेक्षा कमीच वाढतो. 110 किलोची गाडी व 65 किलोचा चालक धरल्यास ही वाढ शेकडा 4 इतकी होते. चढावर तिचा किंचित परिणाम होईल, परंतु तो चालकाच्या सहसा ध्यानातही येणार नाही. उलट युरियाचे 45 किलोचे एक पोते सुमारे सहा भरलेल्या टाक्यांतील पेट्रोलइतका भार टाकते. गाडी हलकी करावयाची असेल तर पेट्रोल कमी करण्याऐवजी ओझे कमी करणे श्रेयस्कर.

पातळी केव्हा महत्त्वाची ठरते?

पेट्रोल तळाशी गेले की मात्र चित्र पालटते. मोटारसायकलची टाकी खोगिरासारखी चौकटीच्या नळीवर बसविलेली असते. त्यामुळे शेवटचे पेट्रोल दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत विभागले जाते, आणि कॉक बहुधा एकाच बाजूस असतो. बंद पडलेली गाडी कॉकच्या बाजूस कलती केल्यावर पुन्हा चालू होते, त्याचे कारण हेच. चढउतारावर पेट्रोल कॉकपासून दूर सरकल्यास इंजिन अडखळते. तळाचा गाळ व पाणीही याच वेळी नळीत शिरण्याची शक्यता असते.

देशात 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज-6 मानके लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरऐवजी इंधन अंतःक्षेपण पद्धती आली. तीत टाकीतील विजेचा पंप ठरावीक दाबाने पेट्रोल पुरवितो. म्हणून येथेही पातळीचा शक्तीवर परिणाम होत नाही. तथापि हा पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी होऊ दिल्यास तो तापतो, हवा ओढतो आणि त्याचे आयुष्य घटते.

झाकणाचे छिद्र व इथेनॉल

गाडी काही अंतर चालून बंद पडते, झाकण उघडताच पुन्हा सुरू होते, असा अनुभव आल्यास दोष पेट्रोलच्या पातळीचा नसून झाकणाच्या वायुछिद्राचा असण्याचा संभव असतो. छिद्र धुळीने बुजले की बाहेरची हवा आत येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो आणि प्रवाह थांबतो.

सध्या पेट्रोलमध्ये शेकडा 20 पर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल पाणी शोषून घेते व ते प्रमाणाबाहेर गेल्यास मिश्रण वेगळे होऊन तळाशी बसते. पावसाळ्यात अर्धी रिकामी गाडी दीर्घकाळ उभी ठेवू नये, ती याकरिता. उन्हाळ्यात याच्या उलट दक्षता हवी. तापमान 20 अंशांनी वाढल्यास दहा लिटर पेट्रोल सुमारे 200 मिलिलिटरने प्रसरण पावते. म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरू नये, थोडी जागा मोकळी ठेवावी.

सारांश, पाव ते पूर्ण टाकी या मर्यादेत गाडीची ओढ सारखीच राहते. डोंगराळ भागातील वाहनचालकांनी पाव टाकी हीच रिकामी टाकी मानावी. सुटे पेट्रोल घरात बाटलीत साठविणे आगीस निमंत्रण देणारे असल्याने ते टाळावे. रात्री-अपरात्री रुग्णास घेऊन निघण्याची वेळ आली, तर टाकीत राखून ठेवलेले दोन-अडीच लिटर पेट्रोलच खऱ्या उपयोगी पडेल.