सह्याद्रीच्या कातळाची रासायनिक ओळख

कर्जतहून खंडाळ्याकडे जाणारा बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. या मार्गाच्या दोन्ही अंगांस दिसणारा काळा कातळ, कोंढाणे लेणी ज्यात कोरली गेली तो पाषाण आणि माथेरानच्या कड्यांतील खडक ही सर्व एकाच जातीची, म्हणजे बेसॉल्टची रूपे होत. वरवर पाहता त्यांत फरक जाणवत नाही. तथापि रासायनिक पृथक्करण केले असता हा कातळ एकजिनसी नसून त्यात निरनिराळ्या काळी आलेल्या शिलारसाचे अनेक थर आहेत, असे सिद्ध झाले आहे. कर्जत व खालापूर तालुक्यांच्या दृष्टीने ही माहिती केवळ शास्त्रीय कुतूहलाची नाही.

थरांवर थर

हिमालय हा भूकवचास घड्या पडून उंचावलेला पर्वत आहे. सह्याद्रीचे तसे नाही. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर पडून दूरवर पसरला. त्याच्या थरांनी बनलेल्या पठाराची पश्चिमेकडील झिजलेली कड म्हणजे आजचा सह्याद्री होय. पश्चिम घाटातील या थरांची एकत्रित जाडी सुमारे ३ किलोमीटर भरते. परंतु कोणत्याही एका घाटात ती संपूर्ण पाहावयास मिळत नाही. मग एका घाटातील थर दुसऱ्या घाटातील कोणत्या थराशी जुळतो, हे ठरवावे कसे? रंगरूपावरून तर ते कळत नाही. येथे भूरसायनशास्त्र उपयोगी पडते.

खडकाची साक्ष

घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत ठरावीक उंचीवर नमुने घेतात, त्यांची पूड करून क्ष-किरणांच्या साहाय्याने टिटॅनियम, बेरियम, झिर्कोनियम, स्ट्रॉन्शियम इत्यादी मूलद्रव्यांचे प्रमाण मोजतात. शिलारस खोलवर किती वितळला, वर येताना वाटेत किती काळ साठून राहिला व कोणत्या खडकांशी मिसळला, यानुसार ही प्रमाणे बदलतात.

स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांची साक्ष विशेष मोलाची आहे. खंडाच्या प्राचीन कवचात रुबिडियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासामुळे ८७ वजनाचे स्ट्रॉन्शियम अधिक साठलेले असते. महाबळेश्वरकडील आंबेनळी गटातील खडकांत या स्ट्रॉन्शियमचे ८६ वजनाच्या स्ट्रॉन्शियमशी गुणोत्तर सुमारे ०.७०४ आहे, तर त्याच्या खालच्या बुशे गटात ते ०.७१३ हून अधिक आढळते. बुशे गटाच्या शिलारसात जुन्या कवचाचा अंश बराच मिसळला होता, असा याचा अर्थ.

१९८० च्या दशकात भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी या पद्धतीने घाटाघाटांतील थर जुळवून त्यांचे गट निश्चित केले. या कामात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. के. व्ही. सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. गटांना त्या त्या स्थळांची नावे मिळाली. कर्जत तालुक्यातील नेरळचे नाव त्यांपैकी एका गटास आहे. त्याच्या वर क्रमाने ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा व बुशे हे गट येतात.

थर जुळल्यावर पर्वताचा इतिहास उलगडला. गट दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. म्हणून इगतपुरीकडे जुने, तर महाबळेश्वरकडे नवे खडक आढळतात. पनवेल परिसरात मात्र थर समुद्राच्या दिशेने वाकलेले आहेत. भारताचा पश्चिम किनारा ज्या भूहालचालींतून घडला, त्यांची ही खूण होय. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनांनुसार घाटातील बहुतेक लाव्हा दहा लक्ष वर्षांहून कमी काळात साठला. डायनोसॉर ज्या काळी नष्ट झाले, तोच हा काळ.

गावाच्या दृष्टीने

खडकाचा रासायनिक गट कळला म्हणून विहिरीस पाणी लागेल, असे नाही. पाणी अवलंबून असते ते थराच्या घडणीवर. अखंड काळा पाषाण पाणी धरीत नाही. भेगाळलेला वा झिजलेला खडक आणि मुरूम धरतो. दोन थरांमधील तांबड्या मातीचा पट्टा अनेकदा पाणी अडवितो. परंतु थरांचा क्रम व कल ठाऊक असल्यास एका गावचा अनुभव शेजारच्या गावास उपयोगी पडतो.

उतारावरील वस्तीचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले व ५७ माणसे बेपत्ता राहिली. कातळ कोट्यवधी वर्षांचा असला तरी त्यावरील झिजलेला खडक व माती अतिवृष्टीत पाण्याने जड होऊन घसरू शकते. यास्तव जमिनीस पडलेल्या भेगा, कललेली झाडे किंवा नव्याने फुटलेले झरे दिसताच ग्रामपंचायतीने तहसील कार्यालयास तत्काळ कळविणे अगत्याचे आहे.

शिक्षकांसही येथे कार्य आहे. रस्त्याचे वा खाणीचे काम चालू असता थर उघडे पडतात आणि पुढे भिंतीआड जातात. काम बंद असताना, परवानगी घेऊन व कड्यापासून सुरक्षित अंतर राखून विद्यार्थ्यांकडून अशा थरांचे रेखाचित्र, ठिकाण व उंची यांची नोंद करून घ्यावी. अशा नोंदी शाळेत जपल्यास पुढे अभ्यासकांस व गावास त्या उपयुक्त ठरतील.