चित्रशाळा : वर्ग की प्रयोगशाळा?

विद्यापीठातील कलाविभागाच्या सोयी सुधारावयाच्या म्हणजे काय करावयाचे, हा प्रश्न वरकरणी इमारतीचा व द्रव्याचा दिसतो. वस्तुतः त्याचा उगम एका शब्दात आहे. कलाविद्यार्थी ज्या जागेत काम करतो तिची नोंद आराखड्यात कोणत्या नावाने होते, ह्यावर तिला काय मिळणार हे पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून आरंभी त्या नावाचाच विचार करणे इष्ट होईल.

संस्कृत ‘शाला’ शब्दाचा मूळ अर्थ घर अथवा दालन असा आहे. समासात आला म्हणजे त्या दालनात काय चालते किंवा कोण राहते, हे पूर्वपद सांगते. पाकशाळा, गोशाळा, धर्मशाळा ही त्याची परिचित उदाहरणे होत. ‘टांकसाळ’ हा शब्दही ‘टंकशाला’ ह्यापासूनच आलेला आहे. गोशाळेत गव्हाण हवी व टांकसाळीत भट्टी हवी, हे कोणास निराळे सांगावे लागत नाही. जागेची रचना नावातच सुचविलेली असते. ‘वर्ग’ हा शब्द ह्याहून भिन्न आहे. तो मुळात स्थलवाचक नसून समूहवाचक आहे. समूह कोठेही बसविता येतो. त्यास बाके, फळा व पंखा एवढे पुरते. चित्रकलेचे दालन ‘वर्ग’ म्हणून नोंदले गेले की त्याच्या वाट्यास नेमके एवढेच येते, आणि मग तेथील धूर, धूळ व दुर्गंधी ही कलेची अपरिहार्य अंगे आहेत असा समज रूढ होतो.

आपल्याकडील कलाशिक्षणाचा आरंभ मात्र वर्गात झालेला नाही. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. लॉकवुड किपलिंग ह्यांच्या काळात १८६६ च्या सुमारास तेथे सजावटीचे चित्रण, मूर्तिघडण व शोभिवंत लोहकाम अशा कार्यशाळा उघडण्यात आल्या. १९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा निघाली. तेथे ना. श्री. बेंद्रे ह्यांनी चित्रकलेचे व शंखो चौधरी ह्यांनी शिल्पकलेचे अध्यापन केले. पदवीचे शिक्षण व हातांचे काम एकाच ठिकाणी नांदू शकते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. तथापि पदवी आली की तिच्यासोबत तासिका, वर्गसंख्या व आसनसंख्या हे हिशेबही येतात, आणि कार्यशाळेचे रूपांतर नकळत वर्गात होऊ लागते.

प्रयोगशाळेच्या दृष्टीने पाहू गेल्यास चार गोष्टींचा विचार आवश्यक ठरतो.

पहिली गोष्ट प्रकाश. उत्तरेकडील खिडकीतून येणारा उजेड दिवसभर फारसा पालटत नाही, म्हणून चित्रकार तो पसंत करतात. हा दंडक युरोपातून आलेला असल्यामुळे आपल्याकडे त्यास एक दुरुस्ती लागते. मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो; शिवाय उन्हाळ्याच्या सहामाहीत तो ईशान्येस उगवून वायव्येस मावळतो. म्हणून उत्तरेच्या उंच खिडक्यांनाही छज्जा व उभी आडोसापट्टी हवीच.

दुसरी गोष्ट हवा. अम्लरेखनात जस्ताच्या पत्र्यावर नायट्रिक आम्लाची क्रिया होते, तेव्हा नायट्रोजन डायऑक्साइड हा विषारी वायू निघतो. तांब्याचा पत्रा व फेरिक क्लोराइड वापरल्यास हा वायू निघत नाही. एवढ्या एका बदलाने मोठा धोका टळतो. टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते. छताचा पंखा तिला बाहेर घालवीत नाही, खोलीभर पसरवितो. वाफ जेथे उत्पन्न होते तेथूनच, विद्यार्थ्याच्या तोंडासमोरून न नेता, मेजाच्या मागील बाजूने ती ओढून घेणारी व्यवस्था पाहिजे. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते व ती वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा असाध्य रोग जडतो. म्हणून मृत्तिकाकामाची जागा कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

तिसरी गोष्ट पाणी. प्लास्टर ऑफ पॅरिस नळात गेल्यास तेथेच घट्ट होते व नळ कायमचा तुंबतो. मोरीखाली गाळ बसण्याची टाकी ठेवून ती वेळोवेळी उपसली, तर हा प्रश्न अल्प खर्चात सुटतो.

चौथी गोष्ट अग्नी. साधी भाजलेली माती सुमारे १००० अंश सेल्सिअसला तयार होते, तर दगडी भांड्यांस १२०० अंशांहून अधिक उष्णता लागते. अशी भट्टी रंगकामाच्या दालनात ठेवणे अयोग्य होय. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या ढिगाने पडल्या असता आपोआप तापून पेट घेऊ शकतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्यांसाठी झाकणाची धातूची पेटी ठेवावी.

ह्यांतील बहुतेक उपाय फार खर्चाचे नाहीत. मग ते होत का नाहीत? कारण त्यांची जबाबदारी कोणावर नसते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेस सहायक मिळतो, आम्लांची नोंदवही मिळते, दुरुस्तीची तरतूद मिळते; कलेच्या ‘वर्गास’ ह्यांपैकी काहीच मिळत नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास आम्लाच्या धुरात उभे करणे कोणीही मान्य करणार नाही. तेच आम्ल कलाविद्यार्थ्याच्या हाती असताना मात्र ते चालते. हा भेद पदार्थाचा नाही, पाटीचा आहे.

२०२३ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलासंस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्याने ह्या विषयास नवे महत्त्व आले आहे. नव्या आराखड्यांत आसने मोजण्यापूर्वी दालनांची नावे तपासावीत, अशी आमची सूचना आहे. ‘चित्रशाळा’ हा शब्द आपणांजवळ पूर्वीपासून आहे. त्यातील उत्तरपद गंभीरपणे घेतले, तरी अर्धे काम झाले असे म्हणावयास हरकत नाही.