हुन्नर आहे, पण उद्याही भाव राहील का? मलकापुरात राहून मेंटॉर कसा शोधायचा



आजचा प्रश्न सरळ आहे. तुम्ही आज जे काम करता, त्याच कामाचे पाच वर्षांनी मलकापुरात किती पैसे मिळतील? जास्त, तेवढेच, की कमी?

घाई करू नका, जरा विचार करा. दुकान तेच राहील, हात तेच राहतील, बोर्डावरचं नावही तेच राहील. पण गिऱ्हाईक त्याच कामासाठी येईल का? या प्रश्नाचं उत्तर आपलं आपल्याला नीट दिसत नाही, कारण आपण कामाच्या फार जवळ उभे असतो. दोन पावलं मागे उभं राहून बघणारा माणूस लागतो. त्यालाच मेंटॉर म्हणायचं. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

गाव रस्त्यावर असण्याचा फायदा आणि धोका

मलकापूर तसं नशीबवान गाव. मुंबई-हावडा रेल्वेची मुख्य लाइन इथून जाते. जुना सहा नंबर हायवे, म्हणजे आताचा ५३, इथून जातो. दसरखेडला एमआयडीसी आहे. जिनिंग-प्रेसिंगमुळे कापसाचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय.

पण भाऊ, ज्या रस्त्याने आपला कापूस बाहेर जातो, त्याच रस्त्याने बाहेरचा मेकॅनिक, सुरतचा तयार माल आणि नवं तंत्रही गावात येतं. त्यामुळे तुमची स्पर्धा फक्त शेजारच्या दुकानाशी नाही. ती जळगाव, अकोला आणि मोबाइलमधल्या दुकानाशीही आहे.

उदाहरण घेऊ मोटार वाइंडिंगचं

समजा, बुलढाणा रोडला तुमचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. वीस वर्षांचा अनुभव. व्होल्टेज कमी आलं, एखादा फेज गेला किंवा विहीर कोरडी असताना पंप चालू राहिला, की मोटार जळते आणि शेतकरी ती घेऊन तुमच्याकडे येतो. धंदा त्यावर उभा आहे.

आता २०२४ पासून राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू झाली. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. जमिनीनुसार ३, ५ किंवा साडेसात एचपीचा पंप. आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची ओळ ही: पाच वर्षं दुरुस्तीची हमी. म्हणजे पंप बिघडला तर शेतकरी कंपनीला फोन करणार, तुमच्याकडे येणार नाही.

तुम्ही काय म्हणाल? “सोलरने आमचा धंदा खाल्ला.” बहुतेक जण इथेच थांबतात. चांगला मेंटॉर मात्र विचारतो, “किती खाल्ला? आकडा सांग.”

मग तुम्ही वही काढता. समजा, मागच्या वर्षी १२० मोटारी आल्या होत्या, यंदा ९० आल्या. कमी झालेल्या ३० गिऱ्हाइकांना तुम्ही एकेक फोन करता. समजा, १८ जणांकडे सौर पंप आला. ७ जण दुसऱ्या दुकानात गेले, कारण तुम्ही मोटार चार दिवस ठेवून घेता आणि तो दोन दिवसांत देतो. ५ जणांची मोटार यंदा जळलीच नाही.

बघा, चित्र बदललं की नाही? १८ ही बाजाराची गोष्ट आहे, पण ७ ही तुमच्या दुकानाची गोष्ट आहे. सोलरला शिव्या देण्यात ते सात जण तुम्हाला दिसतच नव्हते. त्यांना परत आणायला नवं शिक्षण लागत नाही. काम दोन दिवसांत हातावेगळं करायची शिस्त लागते.

आता त्या १८ चं काय? मेंटॉर पुढचा प्रश्न विचारेल, “हमी पाच वर्षांची आहे ना? मग सहाव्या वर्षी काय?” २०२५ मध्ये बसलेला पंप २०३० मध्ये हमीतून बाहेर येईल. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेतले सुरुवातीचे पंप तर आताच पाच वर्षांपुढे गेलेत. त्यांची दुरुस्ती कोण करणार? ज्याला कंट्रोलर समजतो, पॅनलची वायरिंग आणि अर्थिंग तपासता येतं, एसी मोटार आणि कायम चुंबकाची डीसी मोटार यातला फरक कळतो, तो करणार. तांब्याच्या तारेचं वाइंडिंग तुम्हाला येतंच. निम्मं शिक्षण तुमच्या हातात आधीपासून आहे.

आणखी एक गोष्ट. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ मध्ये शेतीच्या फीडरलाच सौर वीज दिली जाते. तिथे शेतकऱ्याची नेहमीची थ्री-फेज मोटार तशीच राहते. म्हणजे वाइंडिंग एका रात्रीत संपत नाही. तुमच्या हातात काही वर्षं आहेत. ती वर्षं कशी वापरायची, एवढाच प्रश्न आहे.

काम बदला, गिऱ्हाईक सोडू नका

आपल्या शेजारचंच उदाहरण बघा. जळगावच्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये हातगाडीवर रॉकेल विकून धंदा सुरू केला. पुढे शेतीला लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी घेतल्या. १९७८ मध्ये केळी पावडरचा बंद पडलेला कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन बनवलं. नंतर पीव्हीसी पाइप, नंतर ठिबक. माल दर वेळी वेगळा, पण शेतकऱ्याशी असलेलं नातं त्यांनी सोडलं नाही.

तुमच्याकडेही ही पुंजी आहे. मलकापूर, मोताळा, नांदुरा भागातला शेतकरी तुम्हाला नावाने ओळखतो. मोठ्या कंपनीला हेच विकत घेता येत नाही.

मेंटॉर म्हणजे कोण, आणि कोण नाही

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून लिहून घ्या.

- मेंटॉर म्हणजे सावकार नाही. त्याच्याकडे भांडवल मागितलं की नातं बदललं.
- मेंटॉर म्हणजे नोकरी लावून देणारा साहेब नाही.
- मेंटॉर म्हणजे माझ्यासारखा ट्रेनरही नाही. मी एकच गोष्ट हजार लोकांना सांगतो. मेंटॉर तुमची वही बघून फक्त तुम्हाला सांगतो.
- निर्णय मेंटॉर घेत नाही. नफा तुमचा, तसा तोटाही तुमचाच.

मग तो करतो काय? तीन कामं. तुमच्यात काय आहे ते ओळखतो. तुम्हाला टाळावेसे वाटणारे प्रश्न विचारतो. आणि योग्य वेळी आपला शब्द टाकून एखादं दार उघडून देतो.

महाराष्ट्राला याचं मोठं उदाहरण माहीत आहे. मुंबईतल्या चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक विद्यार्थी कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या नजरेत भरला. त्यांनी त्याला वाचायला पुस्तकं दिली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते, तेव्हा त्याच्यासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. केळुसकर गुरुजींनी स्वतःच्या खिशातून मोठी रक्कम दिली नव्हती. त्यांनी हेरलं, वाचायला दिलं आणि दार उघडलं. आत जाऊन अभ्यास बाबासाहेबांनी केला.

उद्योगात हेच काम ठरवून करणारी एक संस्था आहे, भारतीय युवा शक्ती ट्रस्ट. १९९२ मध्ये लक्ष्मी व्यंकटेशन यांनी ती सुरू केली आणि जेआरडी टाटा तिचे पहिले अध्यक्ष होते. नव्या तरुण उद्योजकाला कर्जासाठी मदत तर होतेच, पण सोबत एक अनुभवी माणूस स्वयंसेवक म्हणून जोडून दिला जातो. महाराष्ट्रात पुणे, छत्रपती संभाजीनगर भागात त्यांचं काम आहे. त्यांच्या पद्धतीतून एकच धडा घ्या: पैसा आणि सोबत, दोन्ही लागतं.

“सर, मलकापुरात मेंटॉर मिळतो कुठे?”

हा प्रश्न मला नेहमी येतो. उत्तर असं की पुण्या-मुंबईकडे बघण्याआधी साठी ओलांडलेल्या माणसांकडे बघा.

जवळच भुसावळ आहे. तिथे रेल्वेच्या विद्युत इंजिनांचा कारखाना आहे, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथून निवृत्त झालेली, मोटार आणि पॅनल यांत आयुष्य काढलेली माणसं याच भागात राहतात. महावितरणचे निवृत्त अभियंते, आयटीआयचे निदेशक, इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक, बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर आहेत. त्यांच्याकडे ज्ञान असतं, वेळ असतो, आणि विचारायला कोणी येत नाही.

नोकरी करणाऱ्यांनाही हेच लागू. तुम्ही आडतीवर किंवा जिनिंगमध्ये हिशेब लिहिता का? २०१७ मध्ये जीएसटी आला. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला बी-टू-बी विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. नुसती खतावणी लिहिणाऱ्यापेक्षा ज्याला हे येतं, त्याच्या पगाराची बोलणी वेगळी होतात. तुमचा मेंटॉर म्हणजे तुमच्या फर्मचं रिटर्न भरणारे करसल्लागार असू शकतात. वर्षातून दहा वेळा फाइल घेऊन जाता. एकदा प्रश्न घेऊन जा.

शिक्षणाचे रस्तेही आहेत. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम साधारण तीन महिन्यांचा आणि मोफत असतो. जवळचं केंद्र आणि पुढची बॅच आधी विचारून घ्या. बुलढाण्याला जिल्हा उद्योग केंद्र आहे, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था म्हणजे आरसेटी आहे. आरसेटीत प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करायची पद्धतच आहे. सर्टिफिकेट घेऊन गायब होऊ नका, त्या दोन वर्षांचा हक्काने उपयोग करा.

विचारायचं कसं?

“सर, तुम्ही माझे मेंटॉर व्हा,” असं पहिल्याच भेटीत म्हणू नका. समोरचा माणूस बिचकतो. त्याला वाटतं, हे आता रोज येणार. छोटी, स्पष्ट मागणी करा. असा निरोप पाठवता येईल:

“काका, नमस्कार. माझं बुलढाणा रोडला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. सौर पंपाचा कंट्रोलर शिकायचाय. सुरुवात कुठून करू, एवढंच विचारायचं होतं. तुमच्या सोयीने अर्धा तास मिळाला तर घरी येऊन भेटतो.”

भेटीला जाताना एक कागद न्या. त्यावर चार ओळी: तीन महिन्यांत किती कामं आली, किती पैसे आले, कोणती कामं कमी झाली, आणि कुठे अडलोय. ते जे सांगतील ते तिथेच लिहून घ्या.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट. सांगितलेल्यापैकी एक काम पंधरा दिवसांत करा आणि परत जाऊन सांगा, “काका, तुम्ही सांगितलं तसं केलं, हे असं झालं.” जमलं नसेल तर तेही सांगा. सल्ला घेणारे खूप असतात, करून परत येणारे थोडे. दुसऱ्यांदा परत आलेल्या माणसाला कोणी सहसा नाही म्हणत नाही. मेंटॉर मागून मिळत नाही, तो असा हळूहळू होत जातो.

पुढे महिन्यातून एक भेट पुरे. रोज गुड मॉर्निंगचे मेसेज नकोत. त्यांचं नाव सांगून उधारी मागू नका. त्यांनी कुणाकडे शब्द टाकला, तर तिथलं काम वेळेआधी पूर्ण करा, कारण तिथे तुमच्यासोबत त्यांची पतही पणाला लागलेली असते. आणि त्यांचं म्हणणं पटलं नाही, तर आदराने सांगा. “काका, माझ्या गिऱ्हाइकाला हे परवडणार नाही,” असं म्हटल्याने खरा मेंटॉर रागावत नाही. उलट चर्चा तिथूनच सुरू होते.

या आठवड्याचं काम

१. मागच्या वर्षी तुमच्याकडे आलेली आणि यंदा न आलेली दहा गिऱ्हाइकं शोधा. फोन करा, कारण लिहा.

२. त्यातली बाजारामुळे गेलेली किती आणि आपल्यामुळे गेलेली किती, हे वेगळं करा.

३. तुमच्या कामातली साठीपुढची तीन माणसं आठवा. एकाला वरचा निरोप पाठवा.

एवढंच. कोर्सची फी नाही, मशीन घ्यायचं नाही. एक वही, दहा फोन आणि एक निरोप.

आणि हो, तुमच्या दुकानात स्टूलवर बसून काम बघणारा एखादा पोरगा असेलच. तोही तुमच्याकडे बघूनच शिकतोय. आज त्याला एक मोटार स्वतः उघडू द्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत.