क्यू आला, यू नाही आला!

फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आलो तेव्हा मला दोन गोष्टींची धास्ती होती. एक मेसची आमटी आणि दुसरं इंग्लिश. दहावीपर्यंत मराठी मीडियम. आमटीची सवय आठवड्याभरात झाली, पण इंग्लिशचं काही खरं नव्हतं. लेक्चरला शंका आली तरी मनात वाक्य जुळवेपर्यंत सर फळा पुसून मोकळे!

अशात एका रविवारी कॉमन रूममध्ये चौथा भिडू कमी पडला म्हणून मला ओढून स्क्रॅबलला बसवलं. पहिल्याच डावात वाट्याला क्यू आला. यू काही आला नाही. शेवटपर्यंत क्यू हातातच, आणि डाव संपल्यावर वरून त्याचे १० गुण वजा! सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री बराच वेळ जागा होतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोर्डावर १५ गुणिले १५ घरं, पिशवीत १०० टाइल्स, हातात एका वेळी सात. त्यातून शब्द लावायचे. खेळ शोधला आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टने, १९३० च्या दशकातल्या मंदीत हाताला काम नसताना. कुठलं अक्षर किती वेळा येतं हे त्याने चक्क वर्तमानपत्रं समोर घेऊन मोजलं. म्हणून ई च्या टाइल्स १२ आणि गुण फक्त एक. क्यू आणि झेड एकेकच, पण गुण १०. एस मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचन करून गुण लाटत बसला असता!

हे वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. हा इंग्लिशचा पेपर नव्हे, हे तर मोजमाप! मग मी तीन गोष्टी शिकलो.

पहिली : अवघड अक्षरांचे छोटे शब्द पाठ करा. दोन अक्षरी मान्य शब्द शंभराहून जास्त आहेत, पण सुरुवातीला चार-पाच पुरतात. क्यू-आय म्हणजे चिनी विचारातली जीवनशक्ती. झेड-ए म्हणजे पिझ्झाचं लाडकं नाव. एक्स-आय ही ग्रीक मुळाक्षरांपैकी एक. क्यू-आय चे एरवी ११ गुण. पण क्यू तिप्पट गुणांच्या घरात बसला आणि आडवा-उभा दोन्हीकडे तोच शब्द झाला तर ३१ आणि ३१, एकूण ६२! यूशिवाय चालणारे आणखीही आहेत : क्यू-ए-टी, म्हणजे येमेनमध्ये ज्याची पानं चघळतात ते झुडूप, आणि एफ-ए-क्यू-आय-आर, म्हणजे आपला फकीर. लाख, कोटी या अर्थाचा क्रोर, रोटी, घी, धोती हेसुद्धा त्या यादीत आहेत. म्हणजे मी अगदीच रिकाम्या हाताने आलो नव्हतो!

दुसरी : उपसर्ग आणि प्रत्यय. शाळेत बाईंनी घोकून घेतलेले तेच. हातात आय, एन, जी असतील तर ते पट्टीच्या उजव्या टोकाला सरकवा. आर-ई किंवा यू-एन डावीकडे. उरलेल्या अक्षरांकडेच बघा. सातही टाइल्स एका दमात लागल्या तर ५० गुण जादा मिळतात, आणि डाव बहुतेक तिथेच फिरतो.

तिसरी आपल्या ब्रँचची : अक्षरं क्रमाने लावा. समजा हातात आर, ई, टी, ए, आय, एन, एस आहेत. त्यांच्या मांडण्या होतात ५०४०. इतक्या कोण तपासणार? त्यापेक्षा यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं एकदाच वर्णक्रमाने लावून ठेवायची. रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर, तिघांचीही ओळख निघते ए-ई-आय-एन-आर-एस-टी. आता हातातली अक्षरं तशीच लावा आणि ती ओळख यादीत शोधा. तिन्ही शब्द एकदम सापडतात. डेटा स्ट्रक्चर्सच्या लेक्चरला हॅश टेबल डोक्यावरून गेलं होतं, ते मला इथे कळलं.

क्यूनंतर यू नसलेले शब्द शोधायला मी लिनक्सवर ग्रेप चालवला. पॅटर्न दिला : क्यू आणि त्यापुढे यू सोडून कुठलंही अक्षर. फकीर सापडला, पण एस-यू-क्यू, म्हणजे अरबी बाजार, सुटला. का? तर क्यू शेवटी असेल तर पुढे अक्षरच नसतं! प्रोग्रॅममधली ही चूक शोधायला मला अख्खी संध्याकाळ लागली. मात्र हे सगळं डाव संपल्यावर करायचं हं. खेळताना केलं तर ती चक्क कॉपी.

कुणी म्हणेल, ही तर घोकंपट्टी, याने इंग्लिश थोडंच येतं? खरं आहे. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, तेही फ्रेंच बोलता येत नसताना! पुढे २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही त्यांनी तेच केलं. शब्द माहीत असणं आणि भाषा बोलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हायवाला मी आजही अडखळतो.

पण एक फरक पडला. पूर्वी अनोळखी इंग्लिश शब्द दिसला की मी मान खाली घालायचो. आता आधी त्याची मोडतोड करून बघतो : पुढे काय लागलंय, मागे काय लागलंय, मधे काय उरलं. शब्द फोडता येतो म्हटल्यावर त्याची भीती उरत नाही. सेकंड इयरला एकदा हात वर करून मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये शंका विचारली. कुणीच हसलं नाही. सरांनी पुसलेला फळा पुन्हा भरला.

असो. कॉमन रूममधला बोर्ड अजून आहे, फक्त एका टाइलच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा आहे. रविवारी जेवणानंतर या. आणि नव्याने आलेल्या मित्रांनो, वाट्याला क्यू आला तर घाबरू नका. एक आय तेवढा जपून ठेवा!